कंस गेला, किनारा गेला

क्लोजर ही लिस्प घराण्यातली भाषा. तिच्यात क्वेरी लिहायला बरेच जण हनीएसक्यूएल वापरतात: क्वेरी म्हणजे साधा मॅप, हवा तसा जोडा-तोडा. मला ही लायब्ररी आवडते. पण नेस्टेड जॉइन आला की तिची सोपी वाट फसवते.

समजा, आपल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांचा डेटा आहे. तीन टेबलं: किनारे, घरटी, पिल्लं. वेळास, आंजर्ले, मुरुड हे सगळे किनारे यादीत हवेत, घरटं नसलं तरी. घरटी मात्र पिल्लांची नोंद झालेलीच. म्हणजे: किनारे लेफ्ट जॉइन (घरटी इनर जॉइन पिल्लं). इथे अर्थ कंसच ठरवतो.

मॅपमधल्या क्रमाला लायब्ररी विचारत नाही. आधी जॉइन, मग लेफ्ट जॉइन लावते. पोस्टग्रेस लगेच ओरडतं, कारण 'घरटी' अजून आलेलंच नसतं. हे बरंच! खरा धोका पुढे. 'जॉइन-बाय' वापरून आपण क्रम दुरुस्त करतो, क्वेरी धावते, आणि समजा मुरुडला त्या वर्षी एकही घरटं नसेल, तर मुरुड गुपचूप गळतं. लेफ्ट जॉइनने राखलेली नलवाली ओळ शेवटचा इनर जॉइन खाऊन टाकतो. शून्य घरटी हीसुद्धा नोंद आहे. ती गेली की दर किनाऱ्यामागची सरासरी फुगते.

आवृत्ती २ मध्ये यावर उत्तर आहे. टेबल आणि त्याचे जॉइन एका व्हेक्टरमध्ये, सुरुवातीला 'जॉइन'. त्यातून कंसासकट एसक्यूएल मिळते. पण चौकटी कंस एकात एक, आणि नाव पुन्हा तेच! कंसांवरच जगणाऱ्या भाषेत हा कंस इतका आडबाजूला का? तोवर तयार झालेली एसक्यूएल छापून वाचा, आणि निकालातले किनारे मोजा.