‘खडूस’ : शिवी, शाबासकी आणि शब्दकोश

आजचा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. मुंबईच्या मैदानांवरचा ‘खडूस’ हा शब्द त्याच्या क्रिकेटमधल्या अर्थासह मराठी शब्दकोशात नोंदवावा का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा आक्षेप असा, की ही नाक्यावरची भाषा, तिला कोशाची मान्यता कशाला?

मला यातला ‘मान्यता’ हा शब्दच खटकतो. कोश म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. शाल-श्रीफळ द्यायला शब्दांना तिथं बोलवत नाहीत, तिथं त्यांची नोंद होते. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात लोकांच्या तोंडच्या बोली आणि म्हणी आल्या, त्या काही कुणाचं चारित्र्य तपासून नव्हे.

खेळातल्या शब्दांचं म्हणाल, तर मराठीला त्यांचं वावडं कधीच नव्हतं. कुस्तीतला ‘चीत’ क्रिकेटमध्ये आला आणि ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’ तयार झाले. निवडणुकीत उमेदवार शड्डू ठोकतात आणि पुढारी गुगली टाकतात. हे शब्द आपण बिनतक्रार वापरतो. ‘यष्टिरक्षक’ तर संस्कृत वेश घालून आला, त्याला कुणी दारात अडवलं नाही. मग अडवणूक फक्त ‘खडूस’चीच का? बरं का, इथं प्रश्न शब्दाचा नसतो, तो बोलणाऱ्याच्या पायरीचा असतो.

आता अर्थाकडे येऊ. विट्गेनश्टाइन सांगतो, अर्थ शोधायचा तर वापर बघा. अंधेरीतला भाडेकरू घरमालकाला ‘खडूस’ म्हणतो ती तक्रार असते. बोरिवलीच्या मैदानावर एखाद्या फलंदाजाला ‘खडूस आहे’ म्हणतात ती शाबासकी असते. शब्द तोच, आणि सीमारेषा ओलांडली की दोषाचा गुण होतो. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने अशा संकल्पनांना ‘दाट’ म्हटलं आहे. म्हणजे काय, तर त्यांत वर्णन आणि मूल्यमापन एकमेकांत विरघळलेलं असतं, वेगळं काढता येत नाही.

कुणी म्हणेल, ‘चिवट’ आहे की! दोन सामने पाहू. मे १९९१, वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना, हरियाणाविरुद्ध. मुंबईसमोर ३५५ धावांचं लक्ष्य होतं. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि मुंबई दोन धावांनी हरली. दुसरा सामना फेब्रुवारी २०२४चा, वांद्रे-कुर्ला संकुलात बडोद्याविरुद्ध, उपांत्यपूर्व फेरीचा. पहिल्या डावाची आघाडी मुंबईच्या खिशात होती. तरी दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे, दोघांनीही शतकं ठोकली, शेवटच्या विकेटसाठी २३२ धावा जोडल्या. पहिला सामना हरलेला, दुसऱ्यात घाईची गरजच नाही. पण दोन्हीकडे वृत्ती एकच : समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही. ‘चिवट’ फक्त टिकून राहण्याबद्दल बोलतो. ‘खडूस’ न देण्याबद्दल बोलतो, आणि म्हणूनच घरमालकाचा अर्थ मैदानावरही पुसला जात नाही. कंजूषपणा तोच, फक्त पैशांऐवजी धावांचा आणि विकेटींचा.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. या शब्दाच्या आडून उद्धटपणाही खपवला जातो. पंचाशी हुज्जत घातली, प्रतिस्पर्ध्याला शिवी दिली, की लगेच ‘आम्ही खडूस’. हे खरं आहे. पण नेमकी व्याख्या नसली की असंच होतं. ज्या शब्दाची कक्षा कुणी आखली नाही, त्याच्या नावावर काहीही चालतं. म्हणजे हा आक्षेप नोंदीच्या विरोधात जात नाही, नोंदीची गरजच सांगतो.

आणि उशीर परवडणारा नाही. ‘दूसरा’ हा आपल्या उपखंडातला साधा शब्द, फिरकीतल्या एका चेंडूचं नाव म्हणून ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. इंग्रजी वृत्तपत्रं ‘खडूस’ आज सर्रास छापतात. उद्या आपल्याच शब्दाचा अर्थ आपण इंग्रजी कोशात शोधायचा का?

म्हणून माझा मसुदा तुमच्यापुढे ठेवतो. खडूस, विशेषण. १) कंजूष, तिरसट, कुणाला सवलत न देणारा. २) मुंबई क्रिकेट, बोली, गौरवार्थी : सामन्याची स्थिती कशीही असो, नियमांत राहून प्रतिस्पर्ध्याला सहजासहजी काहीही न देणारा.

‘नियमांत राहून’ हे दोन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. कोशकार म्हणेल, हा वापर नाही, ही तुमची इच्छा आहे. त्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर मैदानावरच्या पोरांनी तसं खेळून दाखवायला हवं. मुलुंड-घाटकोपरच्या प्रशिक्षकांनी हे मनावर घ्यावं.