सहसंबंध म्हणजे मेळ नव्हे

समजा, दोन परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका तपासल्या आणि दुसऱ्याने प्रत्येकाला पहिल्यापेक्षा नेमके 10 गुण कमी दिले. दोघांच्या गुणांतील सहसंबंध गुणांक 1 येईल, म्हणजे अगदी परिपूर्ण! पण पहिल्याकडे 40 गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दुसऱ्याकडे 30 गुणांवर नापास होईल. मग ही तपासणी विश्वसनीय म्हणायची का?

मोजमापाची विश्वसनीयता सांगताना संशोधक हाच गुणांक सर्रास पुढे करतात. या प्रथेवर मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मधील लेखात नेमके बोट ठेवले. जोराने फुंकल्यावर बाहेर पडणाऱ्या हवेचा कमाल वेग त्यांनी 17 व्यक्तींवर दोन उपकरणांनी मोजला. सहसंबंध 0.94 आला. एरवी येथेच समाधान मानले गेले असते. त्यांनी मात्र प्रत्येकाच्या दोन नोंदींतील फरक काढले. फरकांची सरासरी अवघी 2.1 लिटर प्रतिमिनिट होती, पण प्रमाण विचलन 38.8 होते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना याच्या दुपटीइतके अंतर घेतले, की बहुतेक फरक सामावणाऱ्या मर्यादा मिळतात. म्हणजे एक उपकरण दुसऱ्यापेक्षा 75 ते 80 लिटर कमी किंवा जास्त दाखवू शकते. दमेकऱ्याचे औषध ठरवताना एवढी तफावत कशी चालेल?

असे का होते? सहसंबंध गुणांक फक्त बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ आहेत हे सांगतो. शिवाय तो व्यक्तींमधील विविधतेने फुगतो. पहिलीची आणि दहावीची मुले एकत्र करून उंची मोजा. ओबडधोबड पट्ट्यांतही उत्तम सहसंबंध दिसेल.

फरकांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. 17 व्यक्ती फारच थोड्या. त्यामुळे काढलेल्या मर्यादाही सैल ठरतात, हे लेखकांनीच दाखवले आहे. फरक कोणत्या उपकरणामुळे पडला, हेही त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच उपकरणाने पुन्हा मोजावे लागते. आणि किती फरक चालेल, हे सूत्र सांगत नाही. ते मोजणाऱ्यानेच, शक्यतो आधी, ठरवायचे असते. मला हा पद्धतीचा दोष वाटत नाही. गुणांकाच्या आड लपणारा प्रश्न ती उघड्यावर आणते.

प्रयोगशाळेतील दोन तापमापकांची तुलना विद्यार्थ्यांकडून करून घेताना गुणांकाआधी फरकांचा तक्ता मागावा. किती अंशांची चूक आपल्याला चालेल, हेही त्यांना विचारावे.