मुन्शी अब्दुल्लाची हिकायत आणि आपले मास्तर

सिंगापुरात मुलाच्या घरी आलो की पहिले काही दिवस आम्ही पायी हिंडण्यात घालवतो. उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखाच, पण फुटपाथ चांगले आणि सावली भरपूर. यंदा असेच हिंडताना अप्पर थॉमसन रस्त्याच्या बाजूची एक जुनी वसाहत पाहिली. तिचे नाव टीचर्स इस्टेट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या शिक्षकांच्या संघटनेने ती आपल्या सभासदांसाठी उभी केली. जन्मभर खडू झिजवलेल्या माणसाला हे वाचूनच बरे वाटते. त्यात रस्त्यांची नावे पाहा: कालिदास, टागोर, इक्बाल, ओमर खय्याम, ली पो. या मंडळींच्या शेजारी एक नाव मुन्शी अब्दुल्ला यांचे. कालिदासापाशी आम्ही जुना सोबती भेटावा तसे थांबलो. मुन्शी अब्दुल्ला कोण हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. शाळेतल्या भूगोलात सिंगापूर म्हणजे बंदर, रबर आणि कथील एवढेच होते.

मग व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या नॅशनल लायब्ररीत जाऊन त्यांचे पुस्तक मागितले. वॉटर्लू स्ट्रीटवरच्या मागेन आबोथ सिनेगॉगपासून लायब्ररी जवळच आहे. त्यामुळे सकाळची प्रार्थना आटोपून तिथे बसायचे असा तीन आठवड्यांचा नेम झाला. पुस्तक मलायी भाषेतले, नाव ‘हिकायत अब्दुल्ला’. हिकायत म्हणजे कहाणी. लेखकाने ते १८४३ साली पुरे केले आणि १८४९ साली इथेच ते अरबी वळणाच्या लिपीत शिळाछापावर छापले गेले. ए. एच. हिल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५५ साली निघाले. आम्ही तेच वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून.

वाचकहो, पुस्तक कशाबद्दल आहे ते आधी सांगतो. एक मुलगा वाचायला कसा शिकला, लिहायला कसा शिकला आणि लेखणीवर त्याने पोट कसे भरले, याची ही कहाणी आहे. अब्दुल्लाचा जन्म १७९६ सालचा, मलाक्का शहरातला. पणजोबा येमेनचे अरब, ते दक्षिण हिंदुस्थानात आले, तिथे लग्न केले आणि पुढची पिढी मलाक्केस गेली. आधीची मुले जगली नाहीत म्हणून आईने या मुलाला दुसऱ्यांना नावापुरते ‘विकले’. आपल्याकडे अशाच पोरांची नावे धोंडू, भिकू ठेवीत.

शाळेची प्रकरणे आम्ही दोनदा वाचली. बोटे काठ्यांत धरून आवळायची, पाय फळीच्या भोकांत अडकवून तळव्यांवर छड्या मारायच्या, पळून जाणाऱ्याला साखळी बांधायची, या शिक्षा लेखक एकेक करून सांगतो. सांगताना तो रडत नाही आणि गुरुजींना शिव्याही देत नाही. पंतोजीच्या छडीचे कौतुक करणारे आपल्याकडे अजून आहेत, त्यांनी ही पाने जरूर वाचावीत. आम्हीही वर्गात हात उगारलेला आहे, हे इथे लिहून टाकतो.

पण त्याचे खरे गुरू वडील होते. वडिलांनी मुलाची तोंडावर कधी स्तुती केली नाही. लिहून आणले की चूक दाखवायची, बरोबर असले की दुसरे काम द्यायचे. एके दिवशी वडील घरी नसताना एका जहाजाचा नाखुदा (म्हणजे आपल्या कोकणातला नाखवाच) कर्जरोखा लिहून घ्यायला आला. पोराने भीत भीत तो लिहून दिला. वडिलांना कळले तेव्हा ते मनात सुखावले, पण वरकरणी तसे दाखवले नाही. मात्र पुढे अशी कामे त्याच्याकडे येऊ लागली. हा प्रसंग साध्या वाक्यांत आहे, त्यावर लेखकाने काहीही चढवलेले नाही. आमच्या मते साऱ्या पुस्तकातला हा सर्वांत उत्तम भाग आहे.

वाचनाबाबत त्याची हाव विलक्षण आहे. मलाक्काच्या किल्ल्यात हिंदुस्थानी शिपाई होते. त्यांच्याकडून तो हिंदुस्थानी शिकला, त्यांना कुराणाच्या प्रती लिहून देऊन पैसे मिळवले आणि त्यांनीच त्याला ‘मुन्शी’ म्हणायला सुरुवात केली. तमिळही शिकला. घरात बोलतो ती मलायी कशी शिकायची, असे लोक हसून विचारीत. तरी तो गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांकडे जाऊन जुन्या शब्दांचे अर्थ विचारीत बसे. छापील पुस्तके नव्हतीच. एक पोथी वाचायची तर ती कुणाची तरी मागून आणायची आणि बहुधा नकलून घ्यायची. त्यामुळे त्याचे वाचणे आणि लिहिणे ही दोन कामे राहिलीच नाहीत. लेखक होण्यासाठी काय करावे असे विचारणाऱ्याला या माणसाकडे एवढेच उत्तर आहे. त्याला प्रेरणा वगैरे शब्द माहीत नाहीत. पुढे चौदा-पंधरा वर्षांचा असताना, १८११ साली, जावावरच्या स्वारीची तयारी करायला आलेल्या रॅफल्स साहेबाने लेखनिक ठेवले, त्यांत हा होता. रॅफल्सने मलायी पोथ्यांचा मोठा साठा जमवला होता. १८२४ साली ‘फेम’ नावाच्या जहाजाला आग लागून त्याचा संग्रह समुद्रात गेला. त्या पोथ्यांसाठी अब्दुल्ला जो हळहळतो तो खरा वाचक म्हणून, कारण त्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती.

भाषेची एक गंमत मधेच सांगतो. मलायीत शाईला ‘दावात’ म्हणतात, म्हणजे आपली दौत. लेखणी म्हणजे ‘कलाम’, शिक्षक म्हणजे ‘गुरू’ आणि भाषा म्हणजे ‘बहासा’. पुस्तकाला ‘किताब’ म्हणतात, ते आपल्या हिब्रूतल्या ‘क्ताव’चे सख्खे भावंड. मराठी आणि हिब्रू दोन्ही तोंडात असलेल्या म्हाताऱ्याला हे पुस्तक परके वाटत नाही.

आता पुस्तकाचे दोष. अब्दुल्ला मोठ्या साहेबांपुढे आला की त्याची लेखणी वाकते. रॅफल्सच्या कपाळापासून चालण्यापर्यंत साऱ्याचे वर्णन करतो आणि शेवटी ते आरतीसारखे होते. इंग्रजी राज्याचे गुण गाताना त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. तारखा चुकतात. १८१९ साली रॅफल्स सिंगापुरात उतरला तेव्हा अब्दुल्ला मलाक्कात होता, तरी तिथली बोलणी तो शेजारी उभे राहून ऐकल्यासारखी सांगतो. आपल्या मलायी लोकांना आणि त्यांच्या राजांना तो फार टाकून बोलतो. त्यांनी स्वतःची भाषा शिकण्याकडे दुर्लक्ष केले हा त्याचा आरोप पुनःपुन्हा येतो. पुढच्या काळात कुणी त्याला आधुनिक मलायी साहित्याचा जनक म्हटले, कुणी इंग्रजांचा हस्तक. आम्हांस दोन्ही म्हणणी एकाच माणसाबद्दल खरी वाटतात.

तरी एका ठिकाणी तो साहेबांनाही सोडत नाही. सिंगापूर नदीच्या मुखाशी एक मोठी शिळा होती, तिच्यावर जुन्या लिपीतला लेख कोरलेला होता. तो कुणालाच वाचता येत नव्हता, अनेकांनी तर्क केले. १८४३ साली इंग्रज इंजिनिअरांनी सुरुंग लावून ती फोडली. जे आपण पुन्हा घडवू शकत नाही ते मोडू नये, अशा अर्थाची चीड तिथे त्याच्या लिहिण्यात येते. एक तुकडा इथल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. आम्ही नातवाला घेऊन गेलो. तो म्हणाला, ‘आबा, हे तुम्हालाही वाचता येत नाही?’

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा भाग पाद्र्यांचा आहे. अब्दुल्ला मिशनऱ्यांना मलायी शिकवी, त्यांच्या छापखान्यात काम करी आणि शुभवर्तमानाच्या मलायी भाषांतरात मदत करी. थॉमसेन नावाच्या पाद्र्याशी त्याचा वाद ठरलेला. हा म्हणे, असे मलायीत कुणी बोलत नाही. पाद्री म्हणे, मूळ शब्दाला धरून राहा. मिशनरी मराठी वाचलेल्या माणसाला हा वाद कळायला वेळ लागत नाही. मुसलमान लोक त्याला ‘अब्दुल्ला पाद्री’ म्हणून चिडवीत, पण तो मुसलमानच राहिला. पुढे अल्फ्रेड नॉर्थ या अमेरिकन मिशनऱ्याने त्याला आत्मवृत्त लिहिण्याचा आग्रह केला, म्हणून हे पुस्तक झाले. नॉर्थ अमेरिकन बोर्डाचा माणूस होता. याच बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले होते आणि त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्रायल मुले बसली, बेने इस्रायल मास्तर शिकवू लागले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत काढले, त्याचाही लाभ आपणच घेतला. तनाख मराठीत वाचायला मिळाला तो या लोकांमुळे. आणि आपले लोक शिकले, वाचले आणि यहुदीच राहिले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा शिळाछापावर निघाला, म्हणजे अब्दुल्लाच्या पुस्तकाच्या तीनच वर्षे आधी.

समुद्राच्या दोन टोकांना एकच खेळ चालला होता. अब्दुल्लाने मात्र तो आतून लिहिला. पाद्र्याशी रोज मेजावर काय बोलणे होई, पगार घेताना मनात काय येई, घरचे काय म्हणत, हे सारे त्याच्याकडे आहे. आपल्या मास्तरांनी असे एक पुस्तक मागे ठेवले असते तर आज किती प्रश्न विचारता आले असते. आपल्याकडे लिहिणारे नव्हते असे नाही. १८७५ साली मुंबईत शाळा काढणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते आणि लेखकाला ते छापलेले पाहता आले नाही. केहिमकरांचे ऋण मोठे आहे, पण त्या ग्रंथात समाज आहे, केहिमकर नावाचा मुलगा नाही. तो अक्षरे कशी गिरवायला लागला, पहिले पुस्तक कुणाचे मागून वाचले, ते समजत नाही.

आमचे आजोबा अलिबागकडच्या एका खेड्यात मास्तर होते. फौजेतल्या मुलांना गावची पत्रे तेच लिहून देत, आलेली पत्रे तेच वाचून दाखवत. शब्बाथला ओटीवर बसून मराठी तनाख मोठ्याने वाचत, शेजारच्या आगरी बायाही ऐकायला येत. ते कुठे शिकले, कुणाकडून, छडी खाल्ली की नाही, आम्ही कधी विचारले नाही. आलियाच्या वेळी सामानाचे वजन ठरलेले. त्यांची ट्रंक मुंबईत राहिली आणि पुढे रद्दीत गेली. त्यात काही लिहिलेले होते की नुसता तेला-मिठाचा हिशेब होता, हे आता सांगणारे कुणी नाही. ट्रंक उघडून पाहायला आम्हांस एक दुपार पुरली असती.

अब्दुल्ला १८५४ साली मक्केच्या यात्रेस निघाला. वाटेतही तो लिहीत होता. त्याच यात्रेत त्याचा अंत झाला आणि ते प्रवासवर्णन अपुरे राहिले.

पुस्तक मोठे आहे, डोळ्यांना त्रास असणाऱ्यांनी सगळे वाचायची गरज नाही. रॅफल्सची प्रकरणे चाळली तरी चालतील. जन्मापासून नाखुद्याच्या कर्जरोख्यापर्यंतची सुरुवातीची पाने मात्र सोडू नयेत. नातवंडांकडून इंग्रजी मोठ्याने वाचून घ्यावे आणि मधे मधे थांबवून त्यांना आपल्या शाळेचे सांगावे. आम्ही तसेच केले. नातू बोटे आवळण्याच्या शिक्षेपाशी थांबला आणि आम्हांस हात पुढे करायला लावून आमची बोटे पाहू लागला.