तबकडीवरची पुरवणी: ‘अपोलो १३’ दुसऱ्यांदा पाहताना

विज्ञानाशी संबंधित चित्रपट वर्गात दाखवावेत की नाही, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत अधूनमधून निघतो. एक बाजू म्हणते, मुलांना त्यातून गोडी लागते. दुसरी म्हणते, चुकीच्या कल्पना डोक्यात बसतात आणि त्या काढता काढता पुढची दोन वर्षे जातात. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. परंतु या वादात एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीत, म्हणजे डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकडीवर, मूळ चित्रपटाबरोबर जी पुरवणी येते ती आपण उघडतच नाही. या लेखात आम्ही चित्रपटापेक्षा त्या पुरवणीचेच परीक्षण करणार आहोत. त्यासाठी निवडला आहे १९९५ चा रॉन हॉवर्ड दिग्दर्शित ‘अपोलो १३’.

पुरवणी आली कोठून?

व्हिडिओ कॅसेटवर पुरवणीला जागा नव्हती. ती प्रथा लेसर डिस्कमुळे पडली. या मोठ्या तबकडीवर ध्वनीच्या एकापेक्षा अधिक वाहिन्या होत्या, त्यामुळे एक वाहिनी रिकामी राहू शकत असे. १९८४ मध्ये क्रायटेरियन या संस्थेने १९३३ च्या ‘किंग काँग’ची आवृत्ती काढताना रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-इतिहासकाराचे निवेदन अशा वाहिनीवर ध्वनिमुद्रित केले. चित्र तेच, पण पात्रांच्या संवादांऐवजी जाणकाराचे समालोचन ऐकू येते! पुढे १९९६-९७ मध्ये डीव्हीडी बाजारात आली. तिच्यावर ध्वनीच्या ८ आणि उपशीर्षकांच्या ३२ वाहिन्यांची सोय होती. मग समालोचन, चित्रीकरणाची हकिगत सांगणारा माहितीपट, वगळलेली दृश्ये हे सारे नित्याचे झाले.

यातले बरेचसे साहित्य सामान्य असते हे कबूल केले पाहिजे. दिग्दर्शक नटाचे कौतुक करतो, नट दिग्दर्शकाचे करतो आणि निर्माता दोघांचे. ‘अपोलो १३’ची १९९८ ची डीव्हीडी मात्र वेगळी आहे. तिच्यावर दोन समालोचने आहेत. एक दिग्दर्शकाचे आणि दुसरे जिम लव्हेल व त्यांच्या पत्नी मॅरिलिन यांचे. जिम लव्हेल म्हणजे ज्या यानाची ही कथा आहे त्याचे प्रत्यक्ष कप्तान. स्वतःच्या आयुष्यावर बेतलेला चित्रपट समोर चालू आहे आणि यानात काय चालले होते ते पती सांगतो, घरात काय चालले होते ते पत्नी सांगते. ऐतिहासिक साधन म्हणून याचे मोल मोठे आहे. मॅरिलिन २०२३ मध्ये आणि जिम लव्हेल २०२५ मध्ये निवर्तले. आता असे समालोचन पुन्हा होणे नाही.

थोडक्यात घटना

११ एप्रिल १९७० रोजी जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ हे तिघे चंद्राकडे निघाले. उड्डाणानंतर सुमारे ५६ तासांनी, पृथ्वीपासून सुमारे ३,३०,००० किलोमीटरवर असताना, प्राणवायूच्या दुसऱ्या क्रमांकाच्या टाकीचा स्फोट झाला. यानाची वीज इंधनघटांतून मिळत असे. त्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज आणि पाणी दोन्ही तयार होते. म्हणजे प्राणवायू गेला की श्वास, वीज आणि पाणी तिन्ही जातात. चंद्रावर उतरण्यासाठी नेलेले लूनर मॉड्यूल दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल असे बनवलेले होते. त्यात तिघांनी सुमारे चार दिवस काढले आणि १७ एप्रिलला ते सुखरूप समुद्रात उतरले.

मुक्त पतनाचा धडा

पुरवणीत ‘लॉस्ट मून’ नावाचा सुमारे एक तासाचा माहितीपट आहे. शिक्षकांनी निदान त्यातला भारहीनतेच्या चित्रीकरणाचा भाग तरी दाखवावाच. नट तारेला लटकवलेले नाहीत. नासाच्या केसी-१३५ विमानात यानाचा सेट उभारला आणि विमान अन्वस्ताच्या मार्गाने उडवले. प्रत्येक खेपेस सुमारे २५ सेकंद भारहीनता मिळे. अशा सहाशेहून अधिक खेपा घेऊन ती दृश्ये टिपली गेली.

हा भाग आम्ही एकदा उन्हाळी शिबिरात नववी-दहावीच्या मुलांना दाखवला. एका मुलीने विचारले, “विमान तर पृथ्वीजवळच होते. मग तिथले गुरुत्वाकर्षण गेले कुठे?” चित्रपट पाहून हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. कारण यान अंतराळात आहे, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणसे तरंगतात, हे समीकरण मुलांच्या मनात पक्के होते. चित्रपट हा गैरसमज दूर करत नाही, पुरवणी करते.

उत्तर फळ्यावर सोडवता येते. विमान वर जाताना वैमानिक त्याला अशा मार्गावर सोडतो की, ते फेकलेल्या चेंडूप्रमाणे वागते. १२.५ सेकंद चढ आणि १२.५ सेकंद उतार. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर सुरुवातीला वरच्या दिशेचा वेग सेकंदाला सुमारे १२२ मीटर हवा आणि विमान त्या बिंदूपासून सुमारे ७६५ मीटर वर जाऊन परत येते. या सर्व काळात विमान, सेट, कॅमेरा आणि नट एकाच त्वरणाने पडत असतात, म्हणून कोणी कोणावर दाब देत नाही. गुरुत्वाकर्षण कोठेही गेलेले नाही. उलट ते आहे म्हणूनच हे सर्व घडते. अपोलो १३ प्रथम ज्या कक्षेत फिरले ती जमिनीपासून जेमतेम १८५ किलोमीटरवर होती. तेथे गुरुत्वत्वरण पृष्ठभागावरच्या सुमारे ९४ टक्के असते. तरीही अंतराळवीर तरंगतच होते, कारण यानही मुक्तपणे पडत होते.

खरे, रचलेले आणि आवळलेले

चित्रपटाची प्रामाणिकता वाखाणली जाते आणि ते योग्यच आहे. उड्डाणाची दृश्ये नासाच्या जुन्या फितींतून न घेता प्रतिकृती व संगणक यांच्या साहाय्याने नव्याने तयार केली, तरी ती अस्सल वाटतात. मॅरिलिन यांची लग्नाची अंगठी न्हाणीघराच्या मोरीत जाते, हा रचलेला वाटणारा प्रसंग खरा आहे. उलट अस्सल वाटणाऱ्या काही गोष्टी रचलेल्या आहेत.

पहिले उदाहरण चित्रपटातल्या सर्वांत प्रसिद्ध वाक्याचे. चित्रपटात लव्हेल ह्यूस्टनला वर्तमानकाळात सांगतात की, अडचण आहे. प्रत्यक्षात ते आधी स्वायगर्ट यांनी आणि मग लव्हेल यांनी सांगितले आणि क्रियापद भूतकाळाकडे झुकणारे होते: अडचण आली होती. फरक लहान दिसतो, पण तो निरीक्षकाची मनःस्थिती दाखवतो. काय झाले हे त्या क्षणी त्यांना कळलेले नव्हते. धक्का बसून गेला, एवढीच नोंद ते करत होते.

दुसरे उदाहरण नियंत्रणकक्षाचे प्रमुख जीन क्रान्झ यांच्या तोंडच्या, अपयशाचा पर्यायच नाही अशा अर्थाच्या वाक्याचे. ते १९७० मध्ये कोणी उच्चारलेले नाही. पटकथाकारांनी ते लिहिले आणि क्रान्झ यांनी पुढे २००० मध्ये आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिले. आज ते भित्तिपत्रकांवर त्यांचे ऐतिहासिक उद्गार म्हणून झळकते. इतिहास कसा तयार होतो याचा हा छोटा धडाच आहे.

तिसरे उदाहरण यानातल्या भांडणाचे. स्वायगर्ट आणि हेझ यांच्यात खडाजंगी होते असे चित्रपट दाखवतो. तसे भांडण झाले नव्हते, असे लव्हेल यांनी सांगितले आहे. परतीच्या मार्गावर हाताने केलेली दिशादुरुस्ती चित्रपटात ३९ सेकंद चालते आणि पृथ्वी खिडकीतून भरकटत राहते. प्रत्यक्षात इंजिन १४ सेकंद चालवले गेले. स्वायगर्ट घड्याळ पाहत होते, लव्हेल आणि हेझ यांनी दिशा सांभाळली आणि खूण म्हणून पृथ्वीवरील दिवस-रात्रीची सीमारेषा वापरली गेली. आम्हांला तर ही शांतपणे केलेली १४ सेकंदांची कृती अधिक थरारक वाटते.

आमचा खरा आक्षेप

वरील फरक क्षम्य आहेत. दोन ठिकाणी मात्र आम्हांला गंभीर आक्षेप घ्यावासा वाटतो.

पहिला आक्षेप माणसांबद्दल. थंड पडलेले कमांड मॉड्यूल अपुऱ्या विजेत पुन्हा कसे सुरू करायचे, हे कोडे चित्रपटात मुख्यतः केन मॅटिंग्ली सोडवतात. जर्मन गोवराच्या संसर्गाच्या शंकेमुळे त्यांना मागे ठेवलेले असते, त्यामुळे कथेला ते सोयीचे पडते. मॅटिंग्ली यांचा सहभाग होताच; परंतु हे काम जॉन आरन यांच्यासह अनेक अभियंत्यांचे होते. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चौकोनी डब्या गोल जागेत बसवण्याची युक्तीही एड स्मायली यांच्या नेतृत्वाखालील गटाची होती. शेकडो माणसांचे काम दोन-चार चेहऱ्यांत आवळणे ही पडद्याची गरज असेल. पण विज्ञान एकट्या प्रतिभावंताच्या चुटकीसरशी पुढे जाते, हा समज आपली पाठ्यपुस्तके आधीच पुरेसा पसरवत आहेत.

दुसरा आक्षेप कारणाबद्दल. स्फोट का झाला? चित्रपट शेवटच्या निवेदनात एक-दोन वाक्यांत टाकीतल्या सदोष तारेकडे बोट दाखवून मोकळा होतो. एडगर कोर्टराइट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जून १९७० मध्ये सांगितलेली हकिगत याहून कितीतरी शिकवणारी आहे. टाकीतल्या थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. पुढे तळावरचा पुरवठा ६५ व्होल्टचा झाला. आवश्यकतापत्रकात बदल झाला, स्विच मात्र बदलले गेले नाहीत. त्यातच ही टाकी कारखान्यात हाताळताना सुमारे ५ सेंटिमीटर खाली आपटली होती. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत टाकीतील द्रव ऑक्सिजन नेहमीच्या मार्गाने बाहेर निघेना, म्हणून आतला तापक ८ तास चालू ठेवला गेला. स्विचची टोके वितळून जोडली गेली, तापक बंद झालाच नाही आणि तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण जळाले. तापमापकाचा काटा सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊच शकत नसल्याने आतले तापमान शेकडो अंशांवर गेले आहे हे कोणाला दिसले नाही.

मोजणारे उपकरण जेवढे दाखवू शकते तेवढेच आपण पाहतो, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा या एका काट्यात आहे. आमच्यासारख्या रोज उपकरणांशी झटणाऱ्यांना तो वाचताना घाम फुटतो. दोन तास वीस मिनिटांच्या चित्रपटात त्याला दोन मिनिटेही मिळू नयेत, ही या कलाकृतीची खरी उणीव आहे. तबकडीची पुरवणी तरंगणाऱ्या नटांवर पुष्कळ वेळ देते; ती उणीव भरून काढण्याची संधी तिला होती.

दुसरी तबकडी

तुलनेसाठी अल रायनर्ट यांचा १९८९ चा ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ पाहावा. यातले प्रत्येक दृश्य नासाच्या अस्सल चित्रफितींतले आहे. मग तो अधिक खरा का? तसेही नाही. अनेक मोहिमांची दृश्ये एकत्र गुंफून त्यांनी एकच चांद्रप्रवास दाखवला आहे. अंतराळात चालण्याचे एक दृश्य तर १९६५ च्या जेमिनी ४ मधले, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेतले आहे. येथे क्रायटेरियनच्या तबकडीवरील एक साधी सोय फार उपयोगी पडते. हवे तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या अंतराळवीराचे वा तज्ज्ञाचे नाव खाली उमटते. पुरवणी कशी असावी याचा हा नमुना आहे. ती चित्रपटाची जाहिरात करत नाही, प्रेक्षकाच्या हाती पडताळ्याचे साधन देते.

वर्गासाठी

पूर्ण चित्रपट एका तासिकेत बसणार नाही. विमानातल्या चित्रीकरणाचा भाग, कार्बन डायऑक्साइडचा प्रसंग आणि दिशादुरुस्ती एवढे पुरे. फळ्यावर तीन रकाने आखावेत: खरे, रचलेले, आवळलेले. मुलांना प्रत्येक प्रसंग योग्य रकान्यात घालू द्यावा आणि पुरावा विचारावा. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी गणित द्यावे. लिथियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू शोषतात, म्हणजे ४८ ग्रॅमला ४४ ग्रॅम. माणूस दिवसाला सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. तर तिघांना रोज किती चूर्ण लागेल? उत्तर सव्वातीन किलोग्रॅमच्या आसपास येते आणि त्या चौकोनी डब्यांसाठी एवढा आटापिटा का झाला ते मुलांना आपोआप कळते.

एक तक्रार उरते. उपशीर्षकांच्या ३२ वाहिन्यांची सोय असूनही आम्ही पाहिलेल्या कोणत्याही आवृत्तीत मराठीला जागा नव्हती. इंग्रजी समालोचन भराभर चालते आणि ग्रामीण शाळेतल्या मुलाला ते पेलत नाही. शिक्षकाने आधी स्वतः ऐकून दहा ओळींचे मराठी टिपण काढले तर हा अडसर बराच दूर होईल.

आता चित्रपट तबकडीऐवजी इंटरनेटवरून पाहिले जातात आणि तेथे बहुधा नुसता चित्रपट येतो, समालोचन गळून पडते. म्हणून एक विनंती. शाळेच्या कपाटात जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात असेल तर तो भंगारात काढू नका. ज्या कप्तानाने ते यान परत आणले त्याचा आवाज मुलांना ऐकवण्याचे ते अजूनही एक स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे.