हेगचा निकाल: चूक सापडली, उपायाचं काय?

१७ जुलै २०१९ ला कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल आला आणि लोअर परळमध्ये, जिथे त्यांचं लहानपण गेलं, जल्लोष झाला. 'भारत जिंकला' छापाचे मथळे तुम्हीही वाचले असतील. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे कुठलाही पेपर वाचताना पुरावा आणि निष्कर्ष वेगळे काढून बघायची सवय. हा निकालही तसाच वाचला. माझ्या मते तो अर्धा भक्कम आहे, अर्धा कच्चा.

भक्कम भाग आधी. परदेशी माणसाला अटक झाली की १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ लागू होतं. त्याला त्याचे हक्क सांगायचे, त्याने म्हटलं तर त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवायचं, तिथल्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. जाधव ३ मार्च २०१६ पासून कोठडीत होते. भारताला कळवलं २५ मार्चला. हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागत नाही, हा पाकिस्तानचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि १५ विरुद्ध १ मतांनी कलमाचा भंग झाल्याचं ठरवलं. हे योग्यच, कारण मदतीची गरज अशाच आरोपीला सर्वांत जास्त असते.

आता उपाय. शिक्षा रद्द करा, सुटका करा, या भारताच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. फाशीची स्थगिती कायम राहिली आणि 'परिणामकारक पुनर्विचार' करायला सांगितलं, पण तो कोणत्या मार्गाने हे पाकिस्ताननेच ठरवायचं. म्हणजे ज्याच्या प्रयोगात दोष निघाला, फेरतपासणीही त्याच्याच हातात!

न्यायालयाची बाजूही खरी आहे. त्याचा अधिकार या करारापुरताच होता. लष्करी खटला न्याय्य होता का, हे मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. पण आरोपीचा वकील कोण ठरवणार, एवढं तरी लिहिता आलं असतं. पुढे गाडं तिथेच अडलं: भारताने भारतीय वकील मागितला, पाकिस्तानने नाकारला.

१९११ साली हेगच्याच लवादाने मार्सेलिसमध्ये सावरकरांची अटक आणि हवाली अनियमित मानली, तरी ब्रिटनवर त्यांना परत करायचं बंधन नाही म्हटलं. तेव्हा कैद्याला स्वतःचा हक्कच नव्हता. आज तो आहे, पण तो मोडल्यावरची भरपाई अजून त्याच सरकारवर सोपवलेली.

आणि हेच कलम आर्थर रोड जेलमधल्या परदेशी कैद्यालाही लागू आहे. तिथे ते पाळायची जबाबदारी आपली.