‘घरीच असते’ : एका प्रश्नावलीचे वाचन

आवधिक श्रमबल सर्वेक्षणाची अनुसूची १०.४ ही काही साहित्यकृती नव्हे. पण २०१७ पासून देशातल्या बेरोजगारीचा सरकारी आकडा तिच्यातून निघतो. तेव्हा तिच्यात कोणाला बोलू दिले आहे आणि कोणाबद्दल दुसराच बोलतो, हे कादंबरीच्या समीक्षकाने विचारावे तसे विचारायला हरकत नसावी.

मुदखेड तालुका फुलशेतीचा. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या भल्या पहाटे तोडाव्या लागतात. कळी उमलली की भाव गेला. तिथल्या एका घरी, पावसाळ्यात, मी ही प्रश्नावली वाचून पाहिली. उत्तरे घरधनी देत होते. बायकोच्या कामाचा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, “तिला कुठलं काम, घरीच असते.” बाईंनीही मान हलवली. मग पहाटे कळ्या कोण तोडतं, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मीच की. पण ते काय काम हाय का?”

अनुसूचीच्या मते ते काम आहे. घरच्या शेतात बिनमजुरी राबणाऱ्याचा संकेतांक २१, दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेल्यास ५१. फक्त घरकाम म्हणजे ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा, घरापुरती शिवण असेल तर ९३. शेवटचे दोन्ही श्रमबलाबाहेर. वर्षाचा मोठा भाग घरकामात आणि तीस किंवा अधिक दिवस कळ्या तोडण्यात गेला, तर मुख्य स्थिती ९२ किंवा ९३ आणि दुय्यम स्थिती २१. म्हणजे बाई कामगार ठरल्या. साप्ताहिक हिशेब वेगळा: मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केले तरी पुरे. पावसाळ्यात मोगरा नाही. दारी म्हैस असून दूध डेअरीला जात असेल, तर धार काढणे हे काम. तेच दूध घरच्यासाठी विरजले, तर ते विरजणे घरकाम. सरपण गोळा करणे आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय लेखापद्धतीत उत्पादन धरतात, आपल्याकडे ९३ मध्ये जाते. अशी बाई त्या आठवड्यात रोजगारात नाही. काम मिळाले तर करायला तयार आहे, असे तिच्या वतीने कोणी सांगितले नाही, तर ती बेरोजगारही नाही. बेरोजगारीचा दर श्रमबलावर काढतात. ती अंशातही नाही, छेदातही नाही.

हे ध्यानात ठेवून आकडे वाचावेत. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. याच काळात कामकरी ग्रामीण स्त्रियांत स्वयंरोजगारी ५७.७ टक्क्यांवरून ७३.५ वर गेल्या, या ७३.५ मधल्या ४२.३ बिनपगारी मदतनीस. आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. काही बाया खरोखर नव्याने शेतात उतरल्या असतील. पण जी आधीपासूनच राबत होती आणि यंदा जिच्याबद्दल नीट विचारले गेले, ती आणि ही नवी बाई एकाच संकेतांकात बसतात. या वाढीला कोणी ‘रोजगारनिर्मिती’ म्हणतो तेव्हा माझी शंका तिथे आहे.

हा घोळ तज्ज्ञांना ठाऊक नव्हता असे नाही. एम. एल. दांतवाला मुंबई विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकवत. त्यांच्या समितीने १९७० मध्येच बेरोजगारीचा एकच ठोक आकडा देण्यास विरोध केला. त्या शिफारशींवर बेतलेली पहिली मोठी पाहणी, नमुना सर्वेक्षणाची २७वी फेरी, ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाली. महाराष्ट्रात तो दुष्काळाचा काळ. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, आणि खडी फोडणाऱ्यांत, माती वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. गावाजवळ काम निघाले, रोज मिळू लागला, तशा त्या आल्या. त्याआधी कोणी दारात जाऊन विचारले असते, तर त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरूनही उत्तर आले असते, घरीच असते.