खोळंबलेली गाडी आणि नाथांची शांती



अलीकडे कीर्तनांतून आणि त्याहून अधिक प्रवचनांतून एक दृष्टांत वारंवार कानी येतो. गाडी घाटात बंद पडली आहे, चार तास झाले, उतारू चिडले आहेत, कंडक्टरशी भांडत आहेत, आणि त्या गोंधळात एक माळकरी डोळे मिटून नाम घेत बसला आहे. वक्ता विचारतो, ‘सांगा, या गाडीत सुखी कोण?’ श्रोते टाळी देतात आणि वक्ता पुढे सरकतो. दृष्टांत रुचकर आहे, आजच्या माणसाच्या रोजच्या अनुभवातला आहे, म्हणून तो चालतो. पण दृष्टांत सिद्धांताला धरून आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार श्रोत्याचा असतो, आणि तो अधिकार आपण हल्ली फारसा बजावत नाही. माझ्या मते हा दृष्टांत अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा संप्रदायाच्या शिकवणीला सोडून आहे.

खरा भाग आधी घेऊ. खोळंब्यात राग का येतो? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याची साखळी दिली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध. भाष्यकारांनी तिथे नेमके सांगितले आहे की काम कुठेतरी अडला म्हणजे त्याचाच क्रोध होतो. गाडीतल्या माणसाला सहाला पोहोचायचे होते, आता आठ वाजले. तो दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहतो, म्हणजे त्याच एका विषयाचे चिंतन पुन्हा पुन्हा करतो, आणि प्रत्येक पाहण्याबरोबर राग वाढतो. अशा वेळी ‘शांत राहा’ असे त्याला सांगून उपयोग नाही. साखळी तोडायची तर ती पहिल्या कडीशी, चिंतनाशी तोडावी लागते. नाम तेच करते. जिभेला काम मिळते, कानाला तोच ध्वनी मिळतो, श्वास आपोआप लांबतो. हरिपाठ नेहमीच्या चालीत म्हटला तर अर्धा-पाऊण तास कसा गेला ते कळत नाही. हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभे राहण्याचा आहे. उभे राहणे, थांबणे, ही आपल्याकडे साधनेची सुरुवात मानली आहे. तेव्हा खोळंब्यात नाम घ्यावे, जरूर घ्यावे. मोठ्याने घेण्यापूर्वी शेजारी कोणी आजारी किंवा झोपलेले मूल नाही ना, एवढे पाहावे. संप्रदायात टाळ दुसऱ्याच्या टाळात मिसळून वाजवायचा असतो, एकट्याने नव्हे.

आता दुसरा अर्धा. शांत बसणे हेच नामाचे फळ, असे हा दृष्टांत सुचवतो. मग तुकोबारायांचे काय करायचे? परंपरा सांगते, एका आषाढीला प्रकृतीमुळे महाराजांना पंढरीला जाता आले नाही. त्यांनी वारकऱ्यांबरोबर पांडुरंगाला पत्र पाठवले आणि देहूला बसून त्यांच्या परतण्याची वाट पाहिली. गाथेत ते पत्राचे अभंग आणि निरोपाची वाट पाहण्याचे अभंग वेगळे काढून छापलेले आहेत. ते एकदा सलग वाचा. त्यांत आशा आहे, शंका आहे, दिवस मोजणे आहे, रुसवा आहे, देवाशी सरळ भांडण आहे. वाट पाहण्याचे इतके अस्वस्थ वाङ्मय मराठीत क्वचित असेल. हे लिहिणारा मनुष्य नाम घेत नव्हता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? माउलींच्या विरहिण्यांतही तीच तळमळ आहे. संतांना वाट पाहणे जड जात होते आणि ते त्यांनी लपवले नाही. तेव्हा घाटात अडकलेल्या गाडीत एखाद्याच्या जिवाची घालमेल झाली, कारण पलीकडे दवाखान्यात त्याचे कोणी आहे, तर त्याला ‘तुझे साधन कमी पडले’ असे सांगणाऱ्या वक्त्याने आधी गाथा उघडावी.

या दृष्टांताला जोड म्हणून हटकून एकनाथ महाराजांची गोष्ट येते. नाथ गोदावरीचे स्नान करून परत निघाले की एक उन्मत्त माणूस वरून त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे. असे १०८ वेळा झाले आणि नाथांना राग आला नाही. गोष्ट सुंदर आहे, मीही ती अनेक वर्षे सांगितली आणि पुढेही सांगावी असेच म्हणेन. पण नाथांचीच दुसरी गोष्ट तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहतात आणि रामेश्वरासाठी आणलेले पाणी त्याच्या तोंडात ओततात. बरोबरचे यात्रेकरू हळहळतात, कारण एवढ्या लांबच्या यात्रेचे प्रयोजनच त्या एका जागी संपले.

दोन्ही गोष्टी प्रवासातल्या अडथळ्याच्याच आहेत. पहिलीत त्रास नाथांना एकट्याला होता, तो त्यांनी १०८ वेळा सोसला. दुसरीत त्रास दुसऱ्या जीवाला होता, तो त्यांनी क्षणभरही सोसला नाही. आपल्या वाट्याचे सोसावे. दुसऱ्याच्या वाट्याचे आपण परस्पर सोसून टाकू नये. आता सांगा, नाथ त्या वाळवंटात डोळे मिटून नाम घेत चालले असते तर त्यांना गाढव दिसले असते का? दृष्टांतातल्या माळकऱ्याचे डोळे मिटलेले आहेत, आणि माझा सगळा आक्षेप त्या मिटलेल्या डोळ्यांवर आहे.

हा माझा तर्क नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना क्षांती येते ती अहिंसेच्या लगेच नंतर. ज्ञानेश्वर महाराजांनी अहिंसेवर किती ओव्या खर्चल्या आहेत ते ज्ञानेश्वरी उघडून पाहावे. पायाखाली जीव दुखावू नये म्हणून चालावे कसे, बोलावे कसे, पाहावे कसे, हे सगळे सांगून झाल्यावर मग ते सहनशीलतेकडे वळतात. हा क्रम सोडून थेट क्षांतीवर उडी मारली की ती सहनशीलता सुस्तीसारखी दिसू लागते.

काही वर्षांपूर्वी कार्यक्रमाला जाताना आमची गाडी रात्री उशिरा आडरानात थांबली. टाळकरी मंडळी बरोबर होती, हरिपाठ सुरू झाला, चांगला रंगला. चौथ्या-पाचव्या अभंगाला आमच्या पखवाजवाल्या पोराने पखवाज खाली ठेवला आणि मागच्या बाकाकडे गेला. तिथले एक वृद्ध गृहस्थ घामाघूम झाले होते, साखरेचा विकार होता आणि दुपारपासून पोटात काही नव्हते. पोराने आपल्या गाठोड्यातली भाकरी आणि गूळ काढून दिला, मग खाली उतरून ड्रायव्हरला दुसरी गाडी कधी येणार ते स्पष्ट विचारून आला. हरिपाठ पखवाजाशिवाय चालू राहिला. माझ्या हिशेबी त्या रात्रीचे कीर्तन त्या पोराने केले.

आणखी एक बोलणे ऐकू येते, गाडी बंद पडली हे तुमचे प्रारब्ध. प्रारब्ध हा शब्द इतका स्वस्त करू नये. चाक पंक्चर होते ते खिळ्याने. चालकाला विचारावे, तक्रार असेल तर नीट शब्दांत नोंदवावी. त्याने नामाला उणेपणा येत नाही.

विठोबाच्या विटेचाही असाच सोयीस्कर अर्थ काढला जातो. देव अठ्ठावीस युगे शांतपणे उभा आहे, मग तुम्हाला दर्शनबारीत वीस तास का जड जावेत? पण देव कशासाठी थांबला? पुंडलिक आत आईबापांची सेवा करत होता म्हणून. त्या खोळंब्याला मोल आले ते आतल्या सेवेमुळे. बारीत पुढे उभ्या म्हातारीला टेकायला जागा करून देणारा त्या विटेच्या अधिक जवळ आहे.

शेवटी तरुण कीर्तनकारांना एक सुचवतो. हा दृष्टांत द्यायचाच असेल तर त्याच्या मागोमाग माउलींच्या पालखीतली समाजआरती सांगा. लाखो माणसे दिवसभर चालून, उन्हापावसात थांबत थांबत मुक्कामाला आलेली असतात. सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारा तळ शांत होतो. एवढ्या माणसांची अशी शांतता दुसरीकडे पाहायला मिळत नाही. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचा नसतो. त्या निःशब्द तळावर तेवढाच टाळ वाजत राहतो. त्याला कोणी गप्प करत नाही. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, काय झाले ते ऐकून घेतात, मार्ग काढतात. हरवले-सापडले पुकारले जाते. मग आरती होते.